एक्केचाळीस भागिले दहा

होब्सच्या तेलविहिरीवरून, पहिल्या बोनसातून
अब्रानने अपांसाठी टायर पाठवले. तेहतीस इंची.
खाचा अशा, की बोटाचं पेर आत जावं.
अपांनी एकोणतीस इंची उतरवून ते चढवले.
ट्रक दोन इंच वर उठला
आणि चढाला बसू लागला.

मोराच्या खोऱ्यातून वर, पिन्योनची लाकडं आणायला
नऊ हजार फुटांवर जायचं,
तर पहिल्या गिअरलाच धाप.
क्लच अर्ध्यावर धरून धरून
केबिनभर जळक्या केसांचा वास.
पाचवा गिअर म्हणजे दांड्याच्या बोंडावर कोरलेला
नुसता आकडा.

मी म्हटलं, जुने टायर परत घालू.
ते कोठारामागे पडलेत, एकात कोंबडी अंडी घालते.
अपा म्हणाले, कोंबडीला उठवू नकोस.
एवढंच.

मग मी ट्रकखाली शिरले.
एक चाक जॅकवर, दुसरं जमिनीवर,
दांड्यावर खडूची रेघ.
चाक दोनदा फिरवलं (एकच फिरतंय, म्हणून दोनदा)
आणि रेघ मोजली:
एक, दोन, तीन, आणि वर एवढंसं.
तीन पूर्णांक आठ शतांश.
सपाट रस्त्याचा, घाईत नसलेल्या माणसाचा आकडा.
मोठ्या चाकाखाली तो आणखी पातळ होतो,
पावणेतीनही भरत नाही.
जास्त पाणी घातलेल्या वरणासारखा.

रात्री पिठाच्या पिशवीच्या पाठीवर हिशेब मांडला.
साडेतीनच्या जरा वर गेलं, की जसं होतं तसं परत.
पण जसं होतं तेव्हा अपांचा डावा गुडघा
एकोणसाठ वर्षांचा होता.
आता तो त्र्याहत्तरचा आहे, आणि क्लच त्याच पायाखाली.
साडेचारच्या वर गेलं, तर हमरस्त्यावर
इंजिन असं केकाटेल की शेजारच्या गावाला कळेल
आम्ही दवाखान्यात चाललोय.

एक्केचाळीस भागिले दहा.
मोठ्या कड्याला एक्केचाळीस दात, पिनियनला दहा.
पिन्योन आणण्यासाठी पिनियन,
अपा दोन दिवस हे स्वतःशीच म्हणत हसत होते.

पुढच्या आसालाही तोच आकडा हवा.
पुढचं एक म्हणतंय, मागचं दुसरं,
असा ट्रक बर्फात चालेल,
पण कोरड्या रस्त्यावर स्वतःलाच मोडून खाईल.
म्हणून खर्च दुप्पट.
एस्पान्योलाच्या भंगारवाल्या क्लेओफासकडे
माझं वेल्डिंग मशीन ठेवून आले.

दातांना हळदीसारखा पिवळा लेप लावला, फिरवून पाहिलं.
ठसा टोकाकडे पडला. पुन्हा उघडलं,
केसाएवढी पातळ चकती काढली, पुन्हा लेप.
चौथ्या खेपेला ठसा दाताच्या मधोमध आला.
अपा बॅटरी धरून उभे होते.
त्यांनी पाहिलं आणि बॅटरी विझवली.

पहिले पाचशे मैल हळू, मी बजावलं.
त्यांनी सांभाळून चालवला. पाचशे एकाव्या मैलाला
अर्धा कॉर्ड लाकूड लादून वरून खाली आले,
दुसऱ्या गिअरात, ब्रेकला जवळजवळ न शिवता,
जिना उतरावा तसे.

रविवारी अब्रानचा फोन. टायर कसे आहेत?
अपा म्हणाले, छान. डोंगर चढतात.
माझ्याकडे बघितलं नाही.
मी भांडी विसळत होते, विसळत राहिले.

काटा मात्र अजून चुकतो.
आधी खरं होतं त्याहून कमी सांगायचा,
आता जास्त सांगतो:
तो साठ म्हणतो तेव्हा आम्ही एक्कावन्नवर असतो.
गिअरबॉक्सच्या शेपटीतलं प्लास्टिकचं चिमुकलं चाक
बदललं की झालं, अकरा डॉलर.
अपा म्हणतात, राहू दे.
या वयात कोणीतरी म्हणतंय ना
की मी अजून जोरात चाललोय.